शकुंतला टिटवाळ्यात काय करत होती?

माघ जवळ आला की माझ्या फोनवर एकच मजकूर चार बाजूंनी येतो. आत्याच्या ग्रुपवरून, सोसायटीच्या ग्रुपवरून, कुठल्यातरी बातमीच्या कात्रणातून आणि एखाद्या रीलच्या खालून. मजकूर साधारण असा: टिटवाळ्याचं महागणपती मंदिर अतिप्राचीन आहे. इथे कण्व ऋषींचा आश्रम होता. दुर्वासांच्या शापामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरला, तेव्हा कण्वांनी तिला गणपतीची आराधना करायला सांगितलं. तिने ती केली आणि तिला पती परत मिळाला. पुढे मंदिर तलावात गडप झालं. पेशव्यांच्या काळात तलावाचा गाळ काढताना मूर्ती सापडली. हा 'विवाहविनायक' आहे, ज्यांची लग्नं जमत नाहीत त्यांनी दर्शनाला अवश्य जावं. माघी गणेश जयंतीला इथे मोठी यात्रा असते.

तुम्ही कल्याणच्या पुढे-मागे कुठेही राहत असाल तर हे तुम्हाला पाठ असणार.

माझं संशोधन अशाच मजकुरांवर आहे. एखाद्या देवस्थानाची जी गोष्ट गावात सांगितली जाते, तिला आपण स्थळपुराण म्हणतो. ठाणे जिल्ह्यातली अशी स्थळपुराणं कशी बनली, कशी बदलली, हे मी पाहतोय. विषय सांगितला की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. 'म्हणजे तुम्ही हे सगळं खोटं ठरवणार?' नाहीतर 'म्हणजे तुम्ही हे सगळं खरं मानता?' दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्यानं दोन्हीकडचे लोक नाराज होतात.

आज मी वेगळंच करणार आहे. एखाद्या कादंबरीचं परीक्षण करावं तसं टिटवाळ्याच्या या गोष्टीचं परीक्षण करणार आहे. गोष्ट चांगली आहे का? तिच्यात काय ताकद आहे? आणि आपण ती सांगताना तिची काय वाट लावली आहे?

आधी सणाबद्दल थोडं

गणपती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भाद्रपद येतो. पाऊस, मातीची मूर्ती, पाट, आरती, विसर्जन. माघ शुद्ध चतुर्थीची गणेश जयंती हा वेगळा प्रकार आहे. ती थंडीत येते. पंचांग चंद्राचं असल्यामुळे इंग्रजी तारीख हलत राहते: २०२४ मध्ये १३ फेब्रुवारी, २०२५ मध्ये १ फेब्रुवारी, २०२६ मध्ये २२ जानेवारी. हिलाच तिलकुंद चतुर्थी असंही नाव आहे, कारण या दिवशी तिळाचं महत्त्व. संक्रांतीचे तीळ अजून घरात असतातच, तेच देवालाही.

हल्ली माघी गणपतीची सार्वजनिक मंडळंही झाली आहेत, त्यांच्या मूर्ती येतात आणि विसर्जनाला जातात. देवळातल्या जयंतीला मात्र विसर्जन नसतं. देव बाहेरून येत नाही आणि कुठे जातही नाही. तो होता तिथेच बसलेला असतो, आणि गाव त्याच्या जन्माला हजर राहतं. भर दुपारी जन्म होतो, कारण गणेशजन्माची वेळ मध्यान्हीची मानतात.

आपल्याकडच्या गावजत्रांचा हंगाम थंडीपासून सुरू होतो, त्याचं कारण शेतात आहे. ठाणे जिल्ह्याचं मुख्य पीक भात. दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी. पौष-माघापर्यंत भात घरात आलेलं असतं, ओलीवर पेरलेला वाल शेतात उभा असतो, आणि माणसाला दोन दिवस मोकळे मिळतात. पाहुणे बोलवायचे, नवस फेडायचे, बाजार करायचा तो याच दिवसांत. तिकडे मुरबाड तालुक्यात म्हसा गावाची मोठी जत्रा पौष पौर्णिमेला भरते, तीही याच हिशेबाने.

टिटवाळ्याला सगळ्यांत जास्त गर्दी कधी होते असं विचारलंत तर लोक 'अंगारकी' म्हणतील. पण अंगारकी सगळ्या गणपतींची, आणि टिटवाळ्याची अंगारकी मोठी झाली त्यात रेल्वेचाही हात आहे. कल्याण ते वाशिंद हा रेल्वेमार्ग १८५५ मध्ये सुरू झाला, आज 'टिटवाळा' अशी पाटी लावलेली लोकल थेट मुंबईहून सुटते. जयंती हा देवाचा स्वतःचा दिवस आहे. या दिवशी देवाची गोष्ट सांगायची असते, म्हणून गोष्टीचं परीक्षण करायला हाच दिवस बरा.

तीन शकुंतला

आमच्या कामातली एक साधी युक्ती सांगतो. एकाच कथेची अनेक रूपं समोर आली की ती शेजारी-शेजारी मांडायची आणि कुठला धागा कुठे आहे, कुठे नाही, ते पाहायचं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिथे शेकडो हस्तलिखितांवर शब्द-शब्दाला हे काम झालं. आपण फक्त तीन गोष्टींवर करू.

पहिली शकुंतला महाभारताच्या आदिपर्वातली. इथे शाप नाही, अंगठी नाही. दुष्यंत आश्रमात येतो, शकुंतला स्वतः अट घालते की माझा मुलगा राजा झाला पाहिजे, मग गांधर्वविवाह होतो. मुलगा आश्रमातच वाढतो. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ती दरबारात जाते. राजाला सगळं आठवत असतं. तरीही तो म्हणतो, मी हिला ओळखत नाही. ती गप्प बसत नाही, भर दरबारात त्याला सत्याबद्दल, बायकोबद्दल, मुलाबद्दल खडे बोल सुनावते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा कबूल करतो, की मला माहीत होतं, पण लोक काय म्हणतील म्हणून नाकारलं.

दुसरी शकुंतला कालिदासाची. इथे दुर्वास येतात, शाप येतो, अंगठी येते. राजा खोटं बोलत नाही, तो खरोखरच विसरलेला असतो. म्हणजे कालिदासाने राजाला वाचवलं. दोष माणसाकडून काढून शापावर टाकला. इतिहासकार रोमिला थापर यांनी शकुंतलेवर १९९९ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. महाकाव्यातली ताठ मानेची बाई नाटकात येईपर्यंत कशी मऊ होत जाते आणि पुढे प्रत्येक काळ तिला आपल्या सोयीने कसा वाचतो, हे त्यात सविस्तर मिळेल.

तिसरी शकुंतला टिटवाळ्याची. आता युक्ती लावून बघा. टिटवाळ्याच्या गोष्टीत शाप आहे. राजा 'विसरतो'. म्हणजे ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा अशी सांगितली, त्याच्या कानावर महाभारताची नव्हे, कालिदासाची शकुंतला पडलेली होती. मग ती संस्कृतातून पडली असेल, कीर्तनातून असेल किंवा कुणाच्या तोंडून.

मराठी मुलखात ही शकुंतला घराघरात कशी पोहोचली याचे काही टप्पे तर तारखेनिशी सांगता येतात. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि शकुंतला मराठीत गाऊ लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तिथून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं होतं. नाटक आणि छापील चित्र, दोन्हींतून ही बाई माजघरापर्यंत गेली. टिटवाळ्याची गोष्ट यानंतरच जन्मली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा यातून निघत नाही. एवढंच म्हणतो की आज ती सांगताना आपल्या डोळ्यासमोर जी शकुंतला उभी राहते, तिचा चेहरा बराचसा या नाटक-चित्रांनी घडवलेला आहे.

मालिनी की काळू?

आता तो नेहमीचा प्रश्न. कण्वांचा आश्रम खरंच इथे होता का?

महाभारत आणि कालिदास दोघेही आश्रम मालिनी नदीच्या काठी, हिमालयाच्या पायथ्याकडे दाखवतात. टिटवाळ्याला काळू नदी आहे. उत्तराखंडात कोटद्वारजवळ कण्वाश्रम म्हणून जागा दाखवतात, तिथे मालिनी नावाची नदीही आहे आणि वसंत पंचमीला मेळा भरतो. पंचांग काढून बघा, वसंत पंचमी म्हणजे माघ शुद्ध पंचमी. टिटवाळ्याच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी! आणि आपल्या महाराष्ट्रातच जळगावजवळ कानळदा आहे, तिथेही कण्वांचा आश्रम सांगतात.

म्हणजे 'हे खोटं आहे' असं सिद्ध करणं दहा मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला मला त्यात फार मजा यायची. आता येत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. आपल्याकडे 'दक्षिण काशी' म्हणवणारी गावं किती आहेत! ॲन फेल्डहाउस या अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या नद्या, यात्रा आणि क्षेत्रांवर मोठं काम केलं आहे. दूरचं पवित्र स्थळ आपल्या भूमीत आणून ठेवण्याची ही सवय त्यांनी अनेक ठिकाणी दाखवून दिली आहे. एखादं गाव स्वतःला काशी म्हणवतं तेव्हा त्याला भूगोल येत नसतो असं नाही. काशीला जे मिळतं ते आमच्या दारातही मिळतं, असं ते म्हणत असतं.

म्हणून प्रश्न बदलायचा. शकुंतला इथे होती का, हे विचारायचं नाही. गावाला शकुंतलाच का लागली, आणि गावाने तिला इथे आणून काय करायला लावलं, हे विचारायचं.

एका वेणीतली जागा

कालिदासाच्या नाटकात पाचव्या अंकात राजा शकुंतलेला नाकारतो. ती रडत बाहेर पडते आणि एक तेजस्वी स्त्रीरूप तिला उचलून नेतं. सहाव्या अंकात अंगठी सापडते, राजाला आठवण येते, राजा शोक करतो. सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात दोघांची भेट होते. सहावा अंक अख्खा राजाच्या दुःखाचा आहे. ती मधली वर्षं शकुंतलेने कशी काढली? बाळंतपण कसं झालं? मूल कसं वाढवलं? नाटक हे दाखवत नाही. सातव्या अंकात ती येते तेव्हा फक्त खुणा दिसतात: मळकी वस्त्रं, व्रतानं सुकलेला चेहरा, आणि विरहिणीची एकच वेणी.

व्रत कसलं? कुणाचं? कालिदास त्यात शिरत नाही.

टिटवाळ्याची गोष्ट नेमकी इथे घुसते. ती म्हणते, तिने गणपतीचं केलं. आणि इथे, आमच्या गावात केलं. नाटकात गणपतीचा संबंध नाही, स्थळ वेगळं, काळाचा मेळ नाही, सगळं कबूल. पण कथा म्हणून बघा. जी बाई नाटकाने अंकभर पडद्याआड ठेवली, तिला या गोष्टीने पुढे आणलं. राजाचा शोक हिला सांगायचाच नाही. हिचं लक्ष टाकलेल्या बाईकडे आहे. कण्वांचंही तसंच. नाटकातले कण्व शकुंतलेचं दुर्दैव टळावं म्हणून तीर्थाला गेलेले असतात, तेव्हाच सगळा घोळ होतो. टिटवाळ्याचे कण्व लेकीजवळ आहेत, तिला काहीतरी करायला सांगताहेत.

मी या गोष्टीला चांगली म्हणतो ते यासाठी. कुणा अनाम माणसाने, किंवा बाईने, एका मोठ्या नाटकातली रिकामी जागा ओळखली आणि ती आपल्या गावाने भरली. रा. चिं. ढेऱ्यांनी आयुष्यभर हेच शिकवलं, की लोककथेला अडाणी समजू नका, ती बऱ्याचदा ग्रंथापेक्षा जास्त लक्षात ठेवते.

पण ती बिनलग्नाची नव्हती

आता तक्रार.

पहिल्या परिच्छेदातला मजकूर पुन्हा वाचा. शेवटाकडे काय येतं? 'ज्यांची लग्नं जमत नाहीत त्यांनी दर्शनाला जावं.' आणि गोष्टीत काय आहे? शकुंतलेचं लग्न जमत नव्हतं? अहो, तिचं लग्न झालेलं होतं! गांधर्वविवाह, धर्मशास्त्राने क्षत्रियांना मान्य केलेला. तिची अडचण वेगळीच होती. नवरा म्हणत होता, ही माझी बायको नाही. पोटात मूल, साक्षीदार नाही, पुरावा म्हणून एक अंगठी होती ती पाण्यात पडली. आजच्या भाषेत सांगायचं तर तिचा विवाहनोंदणीचा दाखला हरवला होता. (आपल्याकडे सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयाला २००६ मध्ये सांगावं लागलं. न्यायालयाच्या कारणांत एक हेच होतं, की लग्न नाकारलं गेलं तर बाईकडे पुरावा हवा.)

म्हणजे स्थळपुराण टाकलेल्या बाईचं, आणि त्याची जाहिरात स्थळं पाहणाऱ्यांसाठी. दुरावलेली जोडपी इथे पुन्हा एकत्र येतात, अशी श्रद्धा टिटवाळ्याबद्दल आहे, आणि गोष्टीशी तीच जुळते. पण फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरातून ती हळूहळू गळत चालली आहे. राहिलं ते 'विवाहविनायक' हे नाव आणि वधू-वरांची रांग. लग्न जमवून देणारा देव सांगायला सोपा आहे. नवऱ्याने ओळख नाकारलेल्या बाईच्या बाजूने उभा राहणारा देव सांगायचा, तर मग नवऱ्याबद्दलही बोलावं लागतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. रांगेत कळलं, तेही उशिरा.

फील्डवर्कसाठी जयंतीच्या रांगेत उभा होतो. पुढे साठीच्या एक मावशी होत्या. मी वहीत काहीतरी लिहितोय हे बघून त्यांनी विचारलं, काय लिहितोस. मी सांगितलं, देवाची माहिती. त्या म्हणाल्या, 'मग सांग बरं, इथं लग्न जमायचाच नवस बोलतात का? जमलेलं टिकायचा बोलला तर चालतो का?' त्यांच्या लेकीला सासरचे नांदवत नव्हते. दीड वर्षापासून ती माहेरी होती, सोबत लहान मुलगा. शेजारणीने यांना सांगितलं होतं, की टिटवाळ्याचा देव लग्न जमवण्याचा आहे, तुमचं काम दुसऱ्या देवाकडे.

मी म्हटलं, 'बोला की मावशी, देव सगळ्यांचंच ऐकतो.' म्हणजे काहीच म्हटलं नाही. त्या हसल्या, रांग पुढे सरकली.

संध्याकाळी लोकलमध्ये वही उघडली तर त्या दिवशीच्या पानावर मीच लिहून ठेवलं होतं: 'विवाहविनायक; मुख्य हेतू: विवाह जुळणे.' तीन गोष्टी शेजारी मांडून तक्ता करणारा मी, महाभारत आणि कालिदास यांतला फरक सांगणारा मी. आणि माहेरी आलेली लेक, हातात मूल, नांदवायला तयार नसलेला नवरा, हे समोर उभं असताना मला एवढंही सुचलं नाही, की मावशी, ही गोष्टच तुमच्या लेकीची आहे. इथल्या देवाकडे पहिल्यांदा आलेली बाई तुमच्या लेकीसारखीच होती.

म्हणून ही तक्रार फॉरवर्ड करणाऱ्यांइतकीच माझ्याबद्दलही आहे. आम्ही अभ्यासकही गोष्ट ऐकण्याआधी तिचं लेबल वाचतो.

गाळ कोणी काढला?

गोष्टीचा दुसरा भाग आपण एका वाक्यात उरकतो. सांगतात तो असा: थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात (म्हणजे १७६१ ते १७७२) दुष्काळ पडला, प्यायला पाणी नव्हतं, म्हणून गावच्या तलावाचा गाळ काढायला घेतला. गाळात मूर्ती सापडली. सरदार रामचंद्र मेहेंदळे यांचं नाव या शोधाशी जोडलेलं आहे. मग मंदिर बांधलं गेलं.

आता हे कालिदासाच्या सहाव्या अंकाशेजारी ठेवा. तिथे काय आहे? हरवलेली अंगठी पाण्यात पडली. ती एका धीवराला, म्हणजे कोळ्याला, माशाच्या पोटात सापडली. इथे हरवलेला देव पाण्यात गेला. तो गाळ उपसणाऱ्यांना सापडला. विसरलेली वस्तू पाण्यात, आणि ती वर काढणारा माणूस हातांनी काम करणारा. दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच आहे! शकुंतलेची कथा आणि तलावाची कथा या गावात एकमेकींना का चिकटल्या, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. हा माझा अंदाज आहे, पण सोडून द्यावासा वाटत नाही.

फरकही बघा. कालिदासाने त्या कोळ्याला एक पूर्ण प्रवेश दिला आहे. शिपाई त्याला चोर समजून बांधतात, त्याच्या धंद्याची टिंगल करतात, तो आपल्या प्राकृत बोलीत उत्तर देतो. मग राजाकडून बक्षीस येतं, ते तो शिपायांशी वाटून घेतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. राजदरबारी नाटक असूनही तो माणूस आपल्याला दिसतो.

आमच्या गोष्टीत पेशवे दिसतात, सरदार दिसतात. दुष्काळात कोरड्या पडत चाललेल्या तलावात उतरून घमेली भरणारे दिसत नाहीत. काळूच्या खोऱ्यात आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, ठाकूर अशी वस्ती. दुष्काळात मातीकामाला कोण उतरतं हे कुणाला सांगायला नको. मूर्तीवर पहिला हात यांच्यापैकी कुणाचा तरी पडला असणार. गोष्टीत तो हात नाही.

आणि पाणीही नाही. म्हणजे 'तलाव' हा शब्द आहे, पण तो मूर्ती सापडण्याची जागा एवढाच. मूळ काम देव शोधण्याचं नव्हतंच. काम होतं प्यायचं पाणी मिळवण्याचं. गोष्टीचा साधा अर्थ लावला तर तो असा, की गावाने आपला तलाव साफ केला तेव्हा त्याला आपला देव मिळाला. टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे, काळूच्या बाजूने इमारती वाढताहेत. अशा गावासाठी याहून उपयोगी स्थळपुराण मागूनही मिळणार नाही. आपण मात्र ते 'मूर्ती सापडली' एवढ्यावर संपवतो.

'एवढा विचार भक्त करतो का?'

हा आक्षेप येणार, आणि तो बरोबर आहे. रांगेतल्या माणसाला कालिदासाचे अंक मोजायचे नसतात. त्याला नारळ द्यायचा असतो, दोन मिनिटं उभं राहायचं असतं. मी त्याच्या भक्तीचं परीक्षण करत नाहीये. करायचा मला अधिकारही नाही.

माझं परीक्षण सांगणाऱ्यांचं आहे: बातमी लिहिणारे, माहितीपत्रक छापणारे, रील करणारे, कीर्तनकार आणि माझ्यासारखे शोधनिबंध लिहिणारे. गोष्ट छोटी करताना आपण काय ठेवतो आणि काय टाकतो, याला अर्थ असतो. गेल्या काही वर्षांत जमवलेली या देवस्थानाबद्दलची कात्रणं आणि पत्रकं मी समोर मांडून बसलो, तेव्हा दिसलं की तीन गोष्टी जवळजवळ सगळीकडे ठळक असतात: प्राचीनता, पेशवे, लग्न. आणि तीन गोष्टी पुसट होत जातात: नवऱ्याचा नकार, दुष्काळ, गाळ काढणारे. प्राचीनता आणि पेशवे यांनी गावाचा मान वाढतो, लग्नाने गर्दी वाढते. नकार, दुष्काळ आणि मजूर यांनी काय वाढणार?

दुसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा आहे आणि तो जास्त टोचणारा आहे. ती म्हणते, तुझी ही 'चांगली' गोष्टसुद्धा बाईलाच उपास करायला लावते. विसरला तो, आणि व्रत करायचं हिने? मला यावर पूर्ण उत्तर नाही. महाभारतातली शकुंतला कुठलंही व्रत न करता दरबारात उभी राहून भांडली होती, हे खरंच आहे. टिटवाळ्याच्या गोष्टीने तिला पडद्याआडून पुढे आणलं, पण हातात आरतीचं तबक दिलं, बोलायला वाक्य दिलं नाही. परीक्षण करायचं तर हा गुण कापायलाच हवा.

तरी एक सांगतो. त्या मावशी पोलिसात जाऊन आल्या होत्या, वकिलाकडे जाऊन आल्या होत्या, आणि मग रांगेत उभ्या होत्या. देवाकडे आल्या म्हणून त्यांनी बाकीचं सोडलं नव्हतं. त्यांना फक्त हवं होतं, की आपल्या लेकीचं दुःख सांगायला ही जागा चालते, असं कुणीतरी म्हणावं. ते म्हणणारी गोष्ट या देवळाकडे आधीपासून आहे.

तेव्हा यंदा माघात तो मजकूर तुमच्या फोनवर आला तर एवढं करा. शेवटची ओळ खोडा आणि त्या जागी लिहा: शकुंतलेचं लग्न झालेलं होतं, नवऱ्याने ते नाकारलं होतं, तेव्हा ती या देवाकडे आली. आणि तलावाच्या वाक्यात 'दुष्काळात' हा एक शब्द घाला. मग पाठवा पुढे.

माझ्या वहीतली नोंद मी त्याच रात्री बदलली. मावशी पुन्हा भेटल्या तर सांगायचं राहिलेलं सांगणार आहे.